दाजींच्या वजनाची गाडी

आमचे दाजी जगाकडे एक डोळा मिटून बघायचे. लग्नाचा मांडव असो की भिंतीवरचं कॅलेंडर, आधी डावा डोळा मिटायचा, मान जरा तिरपी व्हायची आणि मग निकाल, "वाकडं हाय." अक्काला बघायला आले तेव्हाही त्यांनी असाच डोळा मिटला आणि आमची आई पदर सावरत तडक आत गेली. भर बैठकीत माणूस डोळा मारून राहिला, असं तिला वाटलं. दाजी बघत होते आमच्या दाराची चौकट. ती वाकडी होती हे खरं, पण सांगायची ती वेळ होती का?

दाजी रेणापूरचे. लातूरला एका डाळमिलमध्ये मशिनी सांभाळायचे. पट्ट्याच्या दोन पुल्या एका रेषेत आहेत का, हे ते ताणलेल्या दोरीनं ठरवायचे. अंगानं दांडगे. आमच्याकडे जेवायला आले की आई पाट उचलून सतरंजी टाकायची आणि ते मला म्हणायचे, "पाव्हणं, ह्या अंगाला पाट न्हाई, पाया लागतो."

नाद एकच, शर्यतीची गाडी. माळावर चुन्याची फक्की मारून मातीचा ट्रॅक आखतात, त्यावर एकेक गाडी वेळ लावून पळवायची. दाजींनी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि हलकी करायची म्हणून ड्रायव्हरचं शीट सोडून आतलं सगळं उपसून काढलं. अक्का करवादायची, "घरात पावण्याला खुर्ची न्हाई अन् हे हायेत ती शिटं काढून राहिले!" दाजी त्यातलंच एक शीट ओसरीवर ठेवून मोकळे झाले.

पुढच्या चाकांची अलाइनमेंट म्हणजे त्यांची पूजाच. गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणायची, चाकापाशी गवंड्याचा ओळंबा सोडायचा आणि चाक कुठं किती कललंय ते मोजायचं. मोजणार मी. दाजी स्टेअरिंग धरून आत बसणार आणि खिडकीतून हुकूम सोडणार. मी एकदा म्हटलं, दाजी, उतरून नीट बघा की. तर म्हणाले, "रिकाम्या गाडीचं माप काय करायचं हो? रिकामी गाडी पळती का?" सगळं मनासारखं झालं की घट्ट केलेल्या बोल्टांवर अक्काच्या नेलपेंटची लाल रेघ मारायचे. रेघ तुटली तर बोल्ट हलला, असा हिशेब. अक्काची बाटली मात्र कायम अर्धी असायची.

मागच्या वर्षी दाजी मिलमध्ये डबा खायला बसले आणि बसल्या जागी गेले. मी नांदेडला ऑफिसात होतो. फोन ठेवला, हातातलं काम पुरं केलं, मग लातूरची गाडी धरली. लोक म्हणाले, लई धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं होतं. ते इंजेक्शन उतरलंच नाही. खांदा दिला, तेरावं जेवलो, ऑफिसला गेलो.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा अक्का म्हणाली, "बापू, यंदा गाडी शर्यतीला उतरली पाहिजे. तू चालव. पण ह्यांच्या खुणा हलवायच्या न्हाईत."

मी रस्त्यावर काढली तर गाडी उजवीकडे ओढायला लागली. हात जरा सैल सोडला की निघाली उजव्या अंगाला. अशा गाडीनं वळणावर घात केला असता. मी दर रविवारी रेणापूरला जाऊन खटपट करायचो. चाकातली हवा बघितली. डावी-उजवी चाकं बदलली. ब्रेक धरतो का बघितलं, बेअरिंग हलवून बघितलं, स्टेअरिंगचे रॉड तपासले. सगळं ठणठणीत. लाल रेघा जशाच्या तशा. मित्र म्हणाला, अलाइनमेंट करून घे. मी त्याच्यावरच खेकसलो. दाजींचं माप चुकणार कसं?

मग अक्कानं श्राद्धाच्या स्वयंपाकासाठी मिलमधून तूरडाळीचं पोतं आणायला सांगितलं. उघड्या पत्र्यावर घसरू नये म्हणून ते माझ्या शीटमागे टेकवून ठेवलं आणि निघालो. लातूर सुटलं आणि माझ्या ध्यानात आलं, गाडी सरळ चाललीय. एका बोटावर. मी गाडी बाजूला घेतली, पोत्याकडे बघितलं. माप चुकलं नव्हतंच. ते दाजींचं होतं. मी त्यांच्या अर्ध्या अंगाचा, काटकुळा. ड्रायव्हरची बाजू माझ्यानं दबत नव्हती, ती पोत्यानं दाबली. रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती पोत्यावर हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "राहू दे अक्का. शर्यतीचं जाऊ दे. रेघा राहू दे."

"पोतं घालून शर्यत पळता येती का?"

"न्हाई."

"मग बस शीटवर. दोरी मी धरते."

तिनं दोरी ताणली, ओळंबा सोडला. आणि डावा डोळा मिटून, मान तिरपी करून चाकाकडे बघितलं. शेजारचा फिटर बोलावला होता, तो तिच्या सांगण्यावर बोल्ट सैल करत होता. "जरा आत. अजून. बास." तिच्या सांगण्यानं लाल रेघ तुटली. तिनं घरातून तीच बाटली आणली. घट्ट झालेल्या नेलपेंटनं नवी रेघ ओढली आणि बाटलीचं झाकण लावलं.

मी गाडी रस्त्यावर नेऊन आणली. अक्का दारात उभी होती.

"आता कुणीकडं वढती?"

"कुणीकडंच न्हाई, अक्का," मी म्हटलं आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून एखाद्या पोरासारखा रडलो.