आक्काचं नाक

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं ते माझं मलाही कळत नाही. ही पानं कुणाच्या हाती लागलीच, तर त्यानं तेवढं पोटात घालावं. आक्काबद्दल चार माणसांत बोलायला मला जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती गेल्याचा फोन मलाच आला. वाकडच्या दवाखान्यातून तिचा मुलगा संदीप रडत म्हणाला, "काकू, आई गेली. दादांना सांग." दादा म्हणजे आक्काचे मालक, माझे थोरले दीर. ते गोठ्यात वैरण टाकत होते. मी गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिले... धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायचं नाही, अशी आमच्यातली जुनी रीत. आता ती कुणी पाळत नाही. पण मी मुळातच भित्री, त्यामुळं मला ती सोयीचीच पडली. लग्न होऊन नेरे गावात आले तेव्हापासून मला दादांना जे काही सांगायचं असेल, ते आक्काच सांगायची. "सुमन म्हणतीया, जेवायला या." "सुमनला म्हायेरला जायचंय, गाडी काढा." माझे मालक गेल्यावरही तसंच चालू राहिलं. आता आक्का गेली हे सांगायलाही मला आक्काच हवी होती. मी पदर तोंडात धरून नुसती उभी राहिले. दादांनी माझ्याकडं बघितलं, हातातली पेंढी खाली ठेवली आणि तिथंच गव्हाणीला टेकून बसले.

बऱ्याच वर्षांमागं हिंजवडीच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळून आक्का दादांच्या मागून खाली पडली होती. डोक्याला मार लागला. जखम भरली, पण वास गेला तो गेलाच. जिला अंगणात बसून कळायचं की आत डाळ लागली, तिला पुढ्यातलं दूध करपलेलं कळेना. मग मी तिचं नाक झाले. "सुमे, हुंग गं जरा," म्हणून दह्याचं भांडं, तेलाचा डबा, दादांचा सदरा, काहीही माझ्या नाकासमोर यायचं. मी नाक मुरडलं की ती खदाखदा हसायची. "तुझं त्वांड न्हाई बोलत, पर नाक लई बोलतंय बघ."

पुढं मी लेकीच्या बाळंतपणाला गेले. त्या दिवसांत आक्कानं गॅसवर मटकी ठेवली आणि मागच्या खोलीत जरा आडवी झाली. पाणी आटलं, मटकी जळून कोळसा झाली, शेजारच्या प्लॅस्टिकच्या टोपलीनं पेट घेतला. आमच्या वरच्या खोलीत नागपूरची एक मुलगी भाड्यानं राहायची, कंपनीत कामाला होती. धूर बघून ती धावत आली आणि तिनं आक्काला हाताला धरून बाहेर काढलं. घरभर धूर, आणि आक्का विचारत होती, "काय झालं गं?" त्या मुलीनंच मग ते धुराचं यंत्र मागवलं. पांढरं, गोल, बशीएवढं. "काकू, धूर झाला ना की हे ओरडते. तुम्हाला वास नाही आला तरी चालते."

आधी आम्ही ते शेगडीच्या बरोबर वर लावलं. पहिलीच मिरचीची फोडणी पडली आणि यंत्रानं असा आकांत मांडला, की दादा गोठ्यातून पाण्याची बादली घेऊन पळत आले. आक्का वर बघून उलथनं उगारत होती, "गप ए भवाने, मिरची हाय, आग न्हाई!" दादा म्हणाले, "घरात एक वरडणारी हुती ती पुरत न्हवती व्हय?" मग मुलीनं ते तिथून काढून माजघरात छताच्या मधोमध लावलं. महिन्याला एकदा बटण दाबून बघायचं, वर्षाला सेल बदलायचा, धूळ साठू द्यायची नाही, एवढं तिनं आक्काकडून पाठ करून घेतलं. दर अमावास्येला घर झाडून झालं, की आक्का स्टुलावर चढून लाटण्याच्या टोकानं बटण दाबायची. सेल पाडव्याला, गुढी उभारायच्या आधी. दसऱ्याला घरातल्या अवजारांची पूजा असते. विळा, कोयता, दादांची मोटारसायकल यांच्याबरोबर आक्कानं यंत्रालाही हळदकुंकू वाहिलं, तेही चांगलं मूठभर. कुंकू जाळीतून आत गेलं आणि यंत्र ओरडायचं थांबेना. ती मुलगी पोट धरून हसली, मऊ कुंचल्यानं सगळं झाडून दिलं. आक्का ओशाळली नाही. म्हणाली, "माजं नाक हाय ते. नाकाला कुंकू लावलं, माजंच चुकलं. कपाळाला लावाया पायजे."

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे निर्धास्त झाले, की बाईचं मन कशात अडकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला आलेल्या बायका माजघरात बसल्या होत्या. मध्येच छतावरून आवाज आला... टुक. एक बाई म्हणाली, "पाल चुकचुकली." सगळ्यांनी जमिनीवर बोटं टेकवून "कृष्ण कृष्ण" म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा टुक. पुन्हा कृष्ण कृष्ण. असं बरंच झाल्यावर एका म्हाताऱ्या चुलतीनं भिंतीवरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाली, "पाल न्हाई बायांनो. ती हितंच हाय अजून." त्यानंतर कुणी फार वेळ बसलं नाही.

सेल संपत आला की यंत्र तसं बोलतं, हे मला ठाऊक होतं. आक्का म्हणायची, उपाशी हाय ते. पण पाडव्याला तिनंच तर नवा सेल घातला होता. तरी मी स्टुलावर चढून दुसरा घातला. टुक... तेव्हा मात्र मीही खाली उतरून जमिनीवर बोटं टेकवली.

घरात आम्ही दोघंच. वरची मुलगी केव्हाच खोली सोडून गेली होती. संदीपचं बिऱ्हाड हिंजवडीला. दादा आणि मी एका घरात असूनही, आमच्यात बोलणारं माणूसच उरलं नव्हतं. मी ताट वाढून बाजूला व्हायचे, ते जेवून उठायचे. वर ते टुक व्हायचं, की दोघांचे हात थांबायचे. संदीप येऊन म्हणाला, "काढून टाका ते, लोक घाबरतात." दादा नुसते नाही म्हणाले. आता ते स्वतःचा चहा स्वतः ठेवू लागले होते. चहा गॅसवर ठेवून गोठ्यात जायचे आणि विसरायचे. दोन भांडी जळाली. दोन्ही वेळा मी घरात होते म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळेला माजघरात धूर साठला होता, आणि यंत्र ओरडलं नाही. नुसतं टुक करत राहिलं.

मी ते उतरवून पिशवीत घातलं आणि हिंजवडीला विजेच्या दुकानात गेले. दुकानदारानं उलटं करून मागचा छाप वाचला. "मावशी, ह्याला धा वर्सं झाली की. सेल बदलून काय उपेग न्हाई. आतून आंधळं झालंय, नवं लावा म्हणून सांगतंय ते." मी नवं घेतलं.

परत आले तर दादा माजघरात छताकडं बघत उभे होते. गोठ्यातलं शेण तसंच हाताला होतं. घर अगदी गप्प होतं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुटं गेली?"

कुठं गेलं असं नाही, कुठं गेली... मला कळलं, की इतके दिवस हे त्या आवाजाबरोबर राहत होते. मी आजूबाजूला बघितलं. माझ्या वतीनं बोलायला तिथं कुणी नव्हतं.

"दादा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "ते यंत्र संपलंय. त्याला आता धूर कळत न्हाई. चहा ठिवून तुमी जाता, म्या शेतात असले मंजी? नवं लावाया पायजे."

त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. मग म्हणाले, "नवं टुक करंल?"

"न्हाई. गप ऱ्हाईल. धूर झाला तरच वरडंल."

दादांनी हात धुतले, स्टूल आणलं. मी खालून सांगत गेले, ते लावत गेले. मधोमध, पंख्यापासून लांब, स्क्रू घट्ट. बटण दाबलं तसं यंत्र किंचाळलं, गोठ्यात गाईनं दावं हिसकलं. आणि मग शांत झालं. आम्ही दोघंही टुक व्हायची वाट बघत थांबलो... झालं नाही.

नवं यंत्र जुन्यापेक्षा लहान निघालं. मागं संदीपनं सगळं घर पांढरं करून घेतलं, तेव्हा आक्कानं यंत्र एक दिवसही उतरवू दिलं नव्हतं. रंगाऱ्यांनी त्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवला होता. आता नव्या यंत्राभोवती जुन्या निळ्या रंगाचं एक कडं उघडं पडलं होतं. दादांनी स्टुलावरूनच त्याला बोट लावलं.

"ह्यो रंग घ्यायला तिनं मला पिरंगुटला न्हेलं हुतं," ते म्हणाले. "म्या म्हणलं, लई भडक हाय."

"न्हाई दादा," मी खालून म्हणाले, "चांगला हुता."