सोमवारचे हेले

आमच्या मामांइतका हट्टी माणूस वाशीमपासून मंगरूळपीरपर्यंत दुसरा झाला नाही. हे आईचे चुलतभाऊ. वाशीमच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते पगारी गाडीवान होते. रुईच्या गाठी स्टेशनवर पोचवायच्या, एवढे काम. बैलजोडी जिनाची होती, पण मामांना ते कधी पटले नाही. चढ आला की ते गाडीतून उतरून पायी चालत. ऊन वाढले की स्वतःचा शेला भिजवून बैलांच्या पाठीवर टाकीत आणि आपण उघड्या डोक्याने जात. मॅनेजरचे बोलावणे आले तर, बैल पाणी पिऊन राहिले आहेत, मागाहून येतो, असा निरोप जाई.

तंटा झाला तो सोमवारावरून. महादेवाच्या वारी बैल जुंपायचा नाही, ही आमच्याकडची रीत. नवा मॅनेजर बाहेरगावचा. सोमवारीही मालगाडी येते, एवढेच त्याला ठाऊक. मामा म्हणाले, “गाडी जिनाची, बैल जिनाचे, पन सोमवार महादेवाचा हाये, सायेब.” आणि जुवावर जाऊन बसले. शेवटी मालकांनी निवाडा केला: मामांची नोकरी बंद, काम हवे असेल तर स्वतःची जनावरे आणावी आणि खेपेच्या ठेक्यावर करावे. जोडी जिनातच राहिली. नवा गाडीवान सातही दिवस जुंपायला तयार होता.

मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग मामीचे चांदीचे गोट मोडून त्यांनी मंगरूळपीरच्या बाजारातून दोन हेले, म्हणजे रेडे, आणले. मामी दारातूनच म्हणाली, “लोकं घरी नंदी आनतेत, तुमी यमाची सवारी आनली.”

मामांनी ठेका मागितला तो फक्त सोमवारचा, आणि तोही दुसऱ्या कोणाला परवडणार नाही अशा दराने. मॅनेजरला त्यात बचत दिसली. सोमवारी जिनाची जोडी सुटी राहू लागली. मामांनी या गोष्टीचा कुठे उच्चार केला नाही. सोमवारच का, असे कोणी विचारलेच तर म्हणत, नोकर भोंग्यावर येतो, ठेकेदार आपल्या मर्जीवर. प्रत्यक्षात भोंग्याच्या आधी ते फाटकावर हजर असत.

हेलेही मामांसारखेच निघाले. नाल्यात पाणी दिसले की बसत. एकदा भरल्या गाडीनिशी बसले तेव्हा मी शेजारी होतो. काठावरून एकाने टोमणा मारला, काहून थांबले ठेकेदार? मामा शांतपणे म्हणाले, “मालक बसले हायेत. उठले का जाऊ.” बाकीचे दिवस मामा गावातली भाडी करीत; हेल्यांची सुटी शनिवारी असे. यमाचा वार कोणता, हे मामांना कोणी सांगू शकले नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या अधिकारात हा नेमला होता.

जिनाच्या आवारात मात्र मामा एक शब्द बोलत नसत. हेल्यांना नुसता हात लावून हाकीत. कडुलिंबाखाली जुनी जोडी रवंथ करीत बसलेली असे. मामा तिकडे पाहतही नसत. इतके सगळे करून त्यांना भेटत का नाही, असे मी एकदा विचारले. फाटकापासून बरेच लांब आल्यावर ते हळूच म्हणाले, “माहा आवाज आयकला तं उठून उभे राह्यतीन रे. त्याईले वाटीन, जुंपाले आला. आज त्याईचा आरामाचा दिवस हाये.”

मग घसा खाकरून त्यांनी हेल्यांना हाक दिली.