देहूरोडला तिघांचं चिनी जेवण

वाईहून निघालो तेव्हा एस.टी.च्या टपावर माझ्या वळकटीशेजारी कोंबड्यांची पाटी होती. पुण्यापर्यंत दर थांब्याला त्या ओरडून आपण शाबूत असल्याचं कळवत होत्या. मी शाळामास्तर, पुण्याच्या पलीकडे पहिल्यांदाच चाललो होतो. निमित्त वसंताचं. आम्ही एका बाकावर बसून मोठे झालो. बायको गेल्यावर त्याचं वाईत मन रमेना, म्हणून पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात तो बॉयलरवर लागला. त्याची आई मात्र वाईतच राहिली. "एकदा ये, तुला चिनी जेवण घालतो," असा त्याचा निरोप होता.

पुण्याला लोणावळ्याची गाडी धरली. समोर तळवड्याचे एक पागोटेवाले बाबा बसले होते.

"कुटं निगाला?"

"पिंपरीला. मित्र कारखान्यात असतो."

"त्यो बुऱ्याचा (बुरशीचा) कारखाना व्हय? आमच्या भाकरीला बुरा आला तर म्हस बी तोंड लावत न्हाई. आन् हितं सरकार त्याला पाळतंय. नशीब असावं तर असं!"

बुरशीपासून औषध कसं काढतात ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर दिसता."

"कशावरून ओळखलंत?"

"इचारलं नव्हतं तरी सांगितलंत, म्हनून."

पिंपरीला वसंता सायकल घेऊन उभा होता. कडक इस्त्रीचा सदरा आणि केसांना इतकं तेल, की बॉयलरला पुरलं असतं. "कोणाचं लग्न आहे?" मी विचारलं. त्यानं उगीचच घंटी वाजवली.

मला मागे बसवून तो मुंबईच्या रस्त्यानं निघाला. पिंपरीच्या छावणीत सिंधमधून आलेली माणसं राहतात. बराकींपुढे बाजांवर पापड वाळत होते. पुढे दोन्ही हातांना जोंधळा, मधेच एखादं नवं धुराडं. आकुर्डीजवळ सायकलची साखळी उतरली आणि मीही उतरलो, पण खड्ड्यात. "वाईचं वजन इकडच्या रस्त्याला पेलत नाही," म्हणत वसंतानं काळ्या हातांनी माझं धोतर झटकलं. त्यामुळे ते आणखीच सजलं. उरलेली वाट आम्ही चालत कापली.

देहूरोडला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. लढाईच्या दिवसांत ब्रह्मदेशातून चालत आलेलं एक चिनी कुटुंब तिथं पत्र्याच्या छपराखाली खाणावळ चालवतं. नवरा रांधतो, बायको गिऱ्हाईक बघते. तिला सगळे मावशी म्हणतात. गोल टेबलाला तीन खुर्च्या होत्या आणि एकीवर पांढऱ्या साडीतली, तिशी ओलांडलेली बाई आधीच बसली होती.

"ही कमला," वसंता टेबलाकडे बघत म्हणाला. "आमच्या दवाखान्यात नर्स आहे. छावणीत राहते."

जेवण आलं ते थेट टेबलाच्या मधोमध. भाताचा वाडगा, आख्खा मासा, अळंब्यांची भाजी आणि चाऊ (खारट शेवया). प्रत्येकानं त्यातूनच घ्यायचं. मी वाढप्याची वाट बघत राहिलो. शेवटी कमलानेच माझ्या बशीत भात घातला. "लाजू नका. मी पण पहिल्या वेळी अशीच बसली होती."

"अळंब्या?" मी वसंताला म्हटलं. "दिवसभर बुरशी पाळतोस, रात्री तिचीच बहीण खातोस?"

कमला मोकळी हसली. वसंतानं ऐटीत दोन काड्या उचलल्या आणि पहिलीच अळंबी माझ्या चहात टाकली. मग घसा खाकरून तो म्हणाला, "बापू, आम्ही लग्न करायचं म्हणतोय. आईला तू सांग."

"मी?"

"तिचा तुझ्यावर विश्वास आहे रे."

कमलाने चमचा खाली ठेवला. "मला तर तुम्ही म्हणालात, मित्राला भेटवतो. हे नाही सांगितलं."

"अगं, आई जुन्या वळणाची..."

"ऐका. आमचं घर सुटलं तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही. आता ज्या घरात जाईन, तिथं चोरासारखी जाणार नाही. दुसऱ्याच्या तोंडानं तर नाहीच. आईला तुम्ही स्वतः सांगा. नाही जमलं, तर आपली ओळख दवाखान्यापुरती."

मासा निवत चालला. मावशी येऊन विचारून गेली, "खाना अच्छा नहीं, साब?"

वसंता माझ्याकडे बघत होता. गणिताच्या तासाला उत्तर न येऊन बघायचा, अगदी तसा. या वेळी मी उत्तर पुरवलं नाही. माशाचा तुकडा त्याच्या बशीत घालून म्हटलं, "जेव. उद्या माझ्याबरोबर वाईला चल. मी सोबत येईन, बोलणार नाही."

त्यानं तो तुकडा तोंडात टाकला आणि मान डोलावली. कमलाने चाऊचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. डोळे पुसले ते तिखटामुळे, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त वसंता ओठातल्या ओठात भाषणाची तालीम करत होता. घरी त्याच्या आई पाटावर बसून पावटे सोलत होत्या. भाषण सगळं विसरून तो उभ्याउभ्याच म्हणाला, "आई, मी लग्न करतोय. ती सिंधी आहे. नर्स आहे."

आईंचे हात चालूच राहिले. "बापू, तू कशाला आलास?"

"सोबतीला."

"तुलाच सांगायला लावत होता ना? मग हा आज बोलला कसा?"

"तिनं बजावलं," मी म्हटलं, "म्हणाली, आईला स्वतः सांगा, नाहीतर लग्न नाही."

हात थांबले. "मला हे आवडलेलं नाही," त्या वसंताला म्हणाल्या. "पण तिला घेऊन ये. या घरात धीराचं एक तरी माणूस येऊ दे."

वसंता परसात गेला आणि विहिरीवर बराच वेळ तोंड धूत राहिला.

प्रवास करून आलो होतो मी, पण पाटावरून न उठता त्या म्हातारीनं माझ्यापेक्षा लांबचा पल्ला गाठला होता. निघताना त्यांनी मला दारात थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बापू, सिंधी लोक जेवतात तरी काय रे?"

"काय की, आई. आम्ही चिनी जेवलो."

त्यांनी कपाळाला हात लावला. "मुलगी बघायला गेलात आणि चिनी जेवून आलात? जा, त्याला विचारून ये. तिला पुरण चालतं का ते."