बॅनरवरचा शेवटचा शब्द

आयर्लंडमधल्या किलकेनीपासून वीस मिनिटांवरच्या आमच्या गावात शाळेचा संघ फायनल खेळून परत आला, की त्याचं होमकमिंग होतं. मुली बसमधून उतरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढतात, ट्रॉली गावभर फिरते, लोक दारात उभे राहून ओरडतात आणि शेवटी शाळेच्या हॉलमध्ये चहा-सँडविच. ऐकायला सोपं आहे. पण शेणाने माखलेली ट्रॉली धुवायची कुणी? पताका कुणी बांधायच्या? एवढ्या लोकांचा चहा कशात उकळायचा?

हे प्रश्न मी पालक समितीत फायनलच्या तीन आठवडे आधी विचारले. समितीच्या मुख्य बाई, ट्रॉली त्यांच्याच शेतातली, हळूच म्हणाल्या, “आधी खेळू दे गं त्यांना. आधीच तयारी केली की अपशकुन होतो.”

अपशकुन म्हणे! मी पुण्याची, त्यातून सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. आमच्याकडे मुलगा पसंत पडायच्या आधी लग्नाचं कार्यालय बघून ठेवतात. हातावर हात ठेवून बसणं मला जमणार होतं थोडंच? शाळेचे रंग मरून आणि पांढरा. घरातले जुने पडदे आणि चादरी कापल्या, रोज ऑफिसचा कॉल संपला की मशीनवर बसले आणि हातभर नाही, चांगल्या साठ हात पताका शिवल्या. शिवाय एका डबल बेडशीटचं बॅनर. त्यावर इंग्रजीत, मोठ्ठ्या अक्षरांत, ‘वेलकम होम चॅम्पियन्स’. अक्षरं मी स्वतः रंगवली आणि उगाच कशाला लाजू, झकास झाली होती.

सगळं घडी करून हॉट प्रेसमध्ये लपवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारचं, कपडे वाळवायचं ते हॉट प्रेस. नवरा म्हणाला, “लेकीला कळलं ना, तर तुझं काही खरं नाही.”

लेक संघाची गोलकीपर. खेळ कॅमोगीचा. हॉकीसारखी काठी, पण चेंडू हवेतून गोळीसारखा येतो आणि ही त्याच्यासमोर उभी राहते. पहिल्या वर्षी मी डोळे मिटून सामने बघितले. आता ती पाचव्या वर्षाला आहे, म्हणजे आपली अकरावी, आणि माझे डोळे आता मिटत नाहीत, उलट रेफ्रीवर वटारलेले असतात.

फायनलच्या सकाळी तिला लकी मोजे हवे होते. मी स्वयंपाकघरात वाटीत दही काढत होते. परीक्षा असो की सामना, हातावर दही ठेवल्याशिवाय मी तिला घराबाहेर सोडत नाही. वरून हॉट प्रेसचं दार उघडल्याचा आवाज आला. ती बॅनर हातात घेऊनच खाली आली. माझं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं ते अस्सल किलकेनी इंग्रजीत. “आई, तू आमची वाट लावलीस. आज हरलो तर ते तुझ्यामुळे.” बॅनर जिन्यावर टाकलं आणि गेली. दह्याची वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

त्या लोकांच्या अपशकुनाला मी हसले होते. आणि आता गाडीत दोन तास माझ्याच डोक्यात ती वाटी.

सामना काय सांगू तुम्हाला! शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही दोन गुणांनी पुढे. त्याआधी तिने चार नक्कीचे गोल अडवले होते. इतर कुणी मोजले नसतील, मी मोजले. मग एक चेंडू तिच्या पुढ्यात टप्पा पडून काठीला घासला आणि आत. गोलचे तीन गुण. एका गुणाने हरलो. ती गुडघ्यांवर बसली ती उठेचना. मी कुंपणाच्या या बाजूला, आणि माझे हात तिथपर्यंत पोचत नव्हते.

परत येताना मी ठरवलं, घरी पोचल्या पोचल्या ते सगळं कचऱ्यात. तेवढ्यात समितीच्या बाईंचा फोन. “होमकमिंग साडेसहाला. तुझ्याकडे कसलीशी यादी होती ना?”

“अहो, पण हरलो आपण!”

“हो. म्हणून काय पोरींनी मागच्या दाराने यायचं?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग कबूल करून टाकलं: यादी आहे, पताका आहेत, बॅनरसुद्धा आहे. पलीकडे बाई अशा हसल्या की गाडी चालवणाऱ्या नवऱ्यालाही ऐकू गेलं.

मुलींची बस वाटेत चिप्स खायला थांबते, त्यामुळे आम्हाला दोन तास मिळाले. त्या दोन तासांत मी अख्ख्या गावाला कामाला लावलं. बाईंच्या नवऱ्याने ट्रॉली धुतली, नीट झाली नाही म्हणून मी परत धुवायला लावली. कुणी चर्चच्या हॉलमधून चहाचं पिंप आणलं. आठ जणी पावाला लोणी लावत होत्या आणि मी शिडीवरून ओरडत होते. बॅनर शाळेच्या फाटकावर न्यायच्या आधी घरी कात्री घेतली आणि शेवटचा शब्द कापून काढला. कड दुमडायला वेळ नव्हता. दोरे लोंबत होते.

बस आली. लाल डोळ्यांच्या मुली एकेक करून उतरल्या, ट्रॉलीवर चढल्या. माझी नाही उतरली. सगळ्या बसमध्ये ती एकटी, खिडकीला डोकं टेकून. मी पुढे निघाले तर बाईंनी माझी बाही धरली, “थांब.” आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी ऐकून थांबले.

तिने मान वर केली. बॅनर वाचलं. त्या लोंबणाऱ्या दोऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग उतरली आणि ट्रॉलीकडे न जाता सरळ माझ्याकडे आली.

“बाकीचं कुठंय?”

“घरी. टाकून देऊ का?”

तिने जर्सीच्या बाहीला नाक पुसलं. “नको. अजून एक वर्ष आहे माझं.”

आणि चढली. मुलींनी तिला ओढून पुढे उभं केलं, ट्रॉली हलली आणि गाव असं ओरडलं की वाटावं, कप आम्हीच आणलाय. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. एवढा अभिमान मला तिच्या कुठल्याच मार्कांचा वाटला नव्हता, आणि मार्क तिला चांगले पडतात.

दुसऱ्या दिवशी कपडे ठेवायला हॉट प्रेस उघडलं. कापलेला शब्द मी तिथे ठेवला नव्हता, घाईत स्वयंपाकघरातच टाकला होता. आता तो नीट चौकोनी घडी करून ठेवलेला होता आणि त्याच्यावर तिचे लकी मोजे.