सहाचा मिस्ड कॉल

आण्णाच्या नंबरवरून सकाळी साडेसातला फोन आला आणि वाजतच राहिला. आण्णाचा फोन सकाळी कधी यायचा नाही, आणि दोन रिंगांच्या पुढं तर कधीच वाजायचा नाही. उचलला तर पलीकडं वहिनी. "सुमन, तुझा भाऊ गेला गं..." आणि मी, सख्खी बहीण, पहिलं काय विचारलं असेल? "मशीन चालू होतं का?" वहिनी म्हणाली, "न्हाय गं. च्या पीत बसलं हुतं. बशी हातातच ऱ्हायली." मला रडू फुटलं ते त्यानंतर. लिहायला लाज वाटते, पण त्या रडण्यात थोडी सुटकाही होती.

आण्णा माझा थोरला भाऊ. गाडीला ग्रासकटर बांधून कागलहून रोज कोल्हापुरात यायचा. शाळांची मैदानं, बंगले, दवाखान्यांची आवारं... जिथं गवत माजेल तिथं हा. पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं ते पेट्रोलचं मशीन, आवाज असा की शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येऊ नये. मी राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नर्स, आणि आमच्या मागच्या आवाराचं गवतही त्याच्याकडंच. एकदा तो तणतणतच आला. टाकीतून कार्बोरेटरला जाणारी, करंगळीहून बारीक पेट्रोलची पायप चिरली होती आणि नेमका बाजार बंद. मी शहाणी! आतून सलाईनची नळी आणली. "ही बसतीय बघ. आरपार दिसतीय, पेट्रोल आलेलं कळंल तरी."

"पेट्रोलला चालंल व्हय गं ही?"

"माणसाच्या रक्ताला चालतीय, तुझ्या मशीनला न चालायला काय झालं?"

तो हसला. मीच कात्रीनं टोक तिरकं कापलं, टाकीच्या भोकातून नळी आत सरकवली, आतल्या टोकाला फिल्टर बसवला. दोरी ओढली तशी मशीन पहिल्या झटक्यात सुरू. मला कोण अभिमान वाटला होता त्या दिवशी.

सलाईनची नळी पेट्रोलमध्ये कडक होते, आखडते, हे मला कुठं माहीत? आठ-दहा दिवसांनी आण्णा आमच्याच आवारात गवत कापत होता. मी त्याच्यासाठी चहा घेऊन खिडकीशी उभी. नळी टोकाला निसटली आणि पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं. भक्कन जाळ झाला, त्याच्या कमरेशीच. पट्ट्याचा हूक निघेना. "टाक, आण्णा, टाक!" मी ओरडत होते, त्याला काही ऐकू जात नव्हतं. मशीन बंद पडलं तरी जाळ चालूच. शेवटी डोक्यावरून पट्टा उपसून त्यानं ते फेकलं. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. ड्रेसिंग मीच केलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडणार तोच आण्णानं माझ्या पायावर पाय दाबला. "पायप जुनी हुती, डॉक्टर. माझीच चूक."

त्यावर तो पुन्हा कधी बोलला नाही. पण तेव्हापासून नवी पायप तो जामच्या बाटलीत दिवसभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वाकवून बघायची, मऊ राहिली तरच लावायची. आणि लावायची मी! "मी न्हाय लावणार," म्हटलं की म्हणायचा, "गप लाव की. भ्यालीयास न्हवं, नीट लावशील." संध्याकाळी सहाला काम उरकून मशीन बंद केलं की मला मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगा. त्या वाजेपर्यंत माझं कशात चित्त नसायचं. कितीदा आमटीत मीठ दोनदा पडलं.

आण्णाच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाव्हणे पांगले. वहिनी मला मागच्या पडवीत घेऊन गेली. फळीवर तीच बाटली, आत एक पायप. जायच्या आदल्या दिवशी त्यानंच बुडवून ठेवलेली. "दवाखान्यातलं गवत गुडघ्याला आलंय. आता मशीन मी चालवतो," वहिनी म्हणाली. "पायप तेवढी लाव."

इतकी वर्षं गिळलेलं सगळं मी तिथंच ओकले. सलाईनची नळी, माझा शहाणपणा, सगळं.

"ठावं हाय मला," वहिनी म्हणाली. "तवाच सांगितलंवतं ह्येनी."

"मग माझ्याच हातनं कशाला?"

"ह्येच म्हणायचे, सुमनशिवाय कुणाला पायप लावाय देऊ नगंस. ती धा डाव बघती."

मी पायप काढली, वाकवली. मऊ होती. लावली, आणि दहादा नाही, किती वेळा बघितली कुणास ठाऊक.

आता दुपार कलली की माझी नजर घड्याळावर. फोन आण्णाचाच आहे, वहिनीकडं. माझ्या मोबाईलमधलं नाव मी बदललेलं नाही. काल सहा वाजले, सहा-पाच झाले, सहा-दहा... भाजी चिरायची सोडून मी फोन मुठीत धरून उभी. डोळ्यांसमोर तो जाळ, आणि आत वहिनी.

मग तो वाजला. आण्णा. दोन रिंगा, आणि बंद.