आईची फुंकर

आमच्या आरोग्य केंद्राला डांबरी रस्ता फार नंतर झाला. त्याआधी एसटी खाली वडाजवळ थांबायची आणि तिथून वर यायला पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. मोजून एकेचाळीस पायऱ्या. धडधाकट माणूससुद्धा वर पोचला की आधी पाणी मागायचा. आजारी माणसं ही पाखाडी कशी चढणार, हे केंद्र बांधताना कुणाच्या डोक्यात आलंच नाही, की आलं आणि जाऊ दे म्हटलं, देव जाणे. मी तिथे बावीस वर्षं सिस्टर होते आणि त्या पायऱ्यांना रोज शिव्या घालत होते. आमचे डॉक्टर मात्र म्हणायचे, "सिस्टर, आपल्याकडे एक्स-रे नाही. ही पाखाडीच आपलं मशीन."

त्यांच्या टेबलाशेजारची खिडकी थेट पाखाडीवर उघडायची. खालून कुणी चढायला लागलं की ते पेन खाली ठेवायचे. मी औषधांच्या कपाटाशी असले तरी हाक यायची, "सिस्टर, या. बोला, काय असेल?" आणि पैज लागायची. हरेल त्याने चहा करायचा. पहिली दोन वर्षं चहा मीच केला.

छातीला नळी लावायच्या आधी माणूस बघायचा, हा त्यांचा हट्ट. कुशीवर हात दाबून अर्धाच श्वास घेत कुणी आला, तर फुफ्फुसाच्या आवरणाला सूज असणार, पुरा श्वास घेतला की सुरी खुपसल्यासारखं दुखतं. कडेवरच्या पोराच्या नाकपुड्या फुलतायत आणि बरगड्यांखाली खड्डा पडतोय? त्याला रांगेत बसवायचं नाही, न्यूमोनिया आहे तो. मुंबईहून गणपतीला आलेला, अंगातला शर्ट ढगळ झालेला, रोज संध्याकाळी कणकण येणारा एक जण "हवाबदल झाला हो" म्हणत राहिला, आणि डॉक्टरांनी टीबी ओळखून त्याला थुंकी तपासायची डबी हातात देऊनच परत पाठवलं. काजू भाजणारी एक बाई कामाच्या दिवशी घरघरायची आणि सुट्टीला गप्प. तिचा दमा तर त्यांनी आज वार कोणता, एवढं विचारून ओळखला.

एकदा एका आजोबांची पाठ बोटाने ठोकून ते मला म्हणाले, "ठोका." मी ठोकली. वर पोकळ आवाज, खाली एकदम बद्द. "झाडावरचा फणस ठोकून बघता ना? कच्चा टणटण वाजतो, पिकला की बदबद. तसंच. इथे खाली पाणी भरलंय." अहो, फणस ठोकायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही! त्या दिवसापासून माझी गाडी सुसाट सुटली. तिसऱ्या वर्षी चहा डॉक्टरांच्या गळ्यात पडायला लागला आणि मी हवेत चालायला लागले. लांज्याच्या बाजारातसुद्धा मी लोकांचे श्वास मोजत फिरायचे. काय ते दिवस होते! त्या खिडकीची मला अजून आठवण येते.

आता घरचं सांगते. घरात मी आणि आई, दोघीच. लग्न मी केलं नाही, तो विषय इथेच संपला. घर पाखाडीच्या पायथ्याच्या वाडीत. घरात सिलेंडर होता, पण भाकरी चुलीवरच व्हायची, कारण मला तीच लागायची. गॅसवरच्या भाकरीला मी रबर म्हणायचे.

आईला एक सवय होती. बोलता बोलता थांबायची, ओठांचा चंबू करायची आणि हळूच फू करून श्वास सोडायची. अख्खी वाडी हसायची. चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी तोंडाला लावली, आता हातात फुंकणी नसली तरी बाई फुंकतेच! आमच्याकडे प्रत्येक वाडीत अशी एखादी फुंकणारी म्हातारी असते, त्यात कुणाला काही वाटत नाही. मी तर शेजारणीपुढे तिची नक्कल करायचे. आईही हसायची, आणि हसता हसता फुंकायची. तिने देवळात जाणं सोडलं. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा येतो गो बाय." आडावरून दोन कळश्यांऐवजी एकच आणायला लागली. वय झालं, मी म्हटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

त्या दिवशी सकाळी तिने भाकरी गॅसवर केली. लाकडं ओली आहेत म्हणाली. मी डब्याला हात लावला नाही. "हे रबर तूच खा," म्हणून तणतणत निघून आले. तापट मी लहानपणापासूनच, आणि आईपुढे तर जरा जास्तच.

दुपारी रांग संपली होती. डॉक्टरांची हाक आली, "सिस्टर, लवकर या. अगदी पुस्तकातलं आहे."

मी हात पुसत खिडकीशी गेले. पाखाडीवर एक बाई, उन्हासाठी पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली. आठ-दहा पायऱ्या चढली आणि थांबली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकली. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. मग पुन्हा चार पायऱ्या, पुन्हा तसंच.

"हे तर सोपं आहे," मी म्हटलं. "धुराने फुफ्फुसं खराब झालेली. हवा आत जाते, बाहेर पडत नाही, अडकून राहते. वर्षानुवर्षांचं दुखणं आहे. तिला वर बघू दे, ओठांचा चंबू असणार. ओठ आवळून श्वास सोडला की जरा हवा सुटते ना! चंबू नसला तर महिनाभर चहा मी करते."

तेवढ्यात तिने वर बघितलं. चंबू होता. आई होती.

पैज मी जिंकले होते.

पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही. तिच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता. "उपाशी... राहशील..." म्हणाली, फुंकली, मग म्हणाली, "चुलीवर... केलीय." डबा अजून गरम होता. त्या ओल्या लाकडांवर तिने किती फुंकलं असेल!

डॉक्टरांनी तिला तपासलं. मी सांगितलं होतं तेच निघालं. औषधाचा पंप दिला आणि धूर कायमचा बंद म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलंय ते राखता येईल. मग त्यांनी चहा केला आणि माझ्यासमोर ठेवला. तो तसाच निवला. मी तोंडाला पदर लावून रडत होते, आणि आई मलाच विचारत होती, "काय झालं गो तुला?"

संध्याकाळी घरी आले आणि पहार घेऊन चूल फोडली. आई उंबऱ्यावर बसून बघत होती. "फोड, फोड," म्हणाली. "उद्या रबर खाशील... तेव्हा कळेल."

दुसऱ्या दिवशी गॅसवरची भाकरी ताटात आली. मी मुकाट्याने खाल्ली आणि म्हटलं, "छान झालीय."

"खोटं बोलतेस. आवडलं नाही की तू उजव्या दाढेने चावतेस. एवढीशी होतीस तेव्हापासून."

मला हे माहीतसुद्धा नव्हतं. तिला माझं असं सगळं माहीत होतं, आणि मी तिच्या फुंकण्याची नक्कल करत होते. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर आई नऊ वर्षं जगली. पंपाने बरं वाटायचं. एकदा चार ठिकाणी थांबत देवळापर्यंत जाऊन आली आणि तो पराक्रम तिने आठवडाभर वाडीला ऐकवला. आधीच गॅसवरची भाकरी खाल्ली असती तर आणखी किती जगली असती, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आई गेली, मी निवृत्त झाले. आता रिक्षा थेट केंद्राच्या दारात जाते आणि पाखाडीवर गवत माजलंय. घरात मी एकटी. गॅसवरची भाकरी मला अजून आवडत नाही. रोज तीच खाते, उजव्या दाढेने. ओळखणारं कुणी नाही.