शंका मॅडम आणि हिरवा गोल

स्वतः उकळलेलं दूध पुन्हा हुंगून बघणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण रिक्षा रोजच्या इमारतीपुढे थांबल्यावर "हीच कशावरून?" असं रिक्षावाल्याला विचारणारी बाई एकच. अंधेरीच्या एका लॅबमध्ये त्या रक्ताच्या स्लाइड तपासणाऱ्या मुख्य डॉक्टर होत्या. खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं. बाकी सगळे त्यांना शंका मॅडम म्हणायचे, पाठीमागे. एकदा मी चुकून तोंडावर म्हणालो, तर हे नाव कुणी ठेवलं याची चौकशी आठवडाभर चालली होती.

मी तिथे गेलो तो त्यांना शहाणं करायला. आमच्या कंपनीला डीप लर्निंगने ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर, ओळखायचा होता. म्हणजे कॉम्प्युटरला निरोगी आणि रोगी रक्ताचे हजारो फोटो दाखवायचे, मग त्यातला फरक तो आपला आपण शिकतो. नेमकं काय शिकतो, हे मात्र सांगत नाही. हे मी मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सांगत नाही? मग लपवतोय काहीतरी."

एकदा मालाडच्या बाजारात त्यांची पिशवी धरायला मी होतो. त्यांनी पापलेटाचे कल्ले उघडून पाहिले, पोट दाबलं, आणि कोळिणीला विचारलं, "हा तू स्वतःच्या घरी नेशील?" कोळीण म्हणाली, "नेला असता गो बाय, पण तू सोडशील तर ना!" मॅडमनी तो घेतला. पण वाटेत दोनदा पिशवीत डोकावल्या.

त्यांच्या जुन्या कपाटातल्या रोगी स्लाइड आणि रोजच्या तपासणीतल्या निरोगी स्लाइड, असे फोटो काढून आम्ही यंत्र तयार केलं. त्याचं उत्तर जवळजवळ दर वेळी बरोबर! मी पेढे वाटले. मॅडमनी पेढा हुंगला.

"माझ्याशी एवढं एकमत? आमच्या ह्यांचं उभ्या आयुष्यात झालं नाही रे."

मला वाटलं, बाईंना खुर्ची जायची भीती वाटतेय. आता त्यांच्यावर शंका घ्यायची पाळी माझी होती. पुढच्याच आठवड्यात यंत्र लहान लहान लॅबमध्ये जाणार होतं, जिथे तपासायला डॉक्टरच नसतो. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही उगाच खोडा घालताय."

"बरं. तुझं स्वतःचं रक्त देशील याला?"

"आत्ता!" म्हणून मी बोट पुढे केलं. त्यांनी सुई टोचली, स्लाइड आत नेली, रंगवून आणली, यंत्राखाली ठेवली. पडद्यावर अक्षरं उमटली: ल्युकेमिया.

मी खुर्चीत बसलो की खुर्ची माझ्याखाली आली, आठवत नाही. बोरिवलीला आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात. मॅडमनी सावकाश मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"पेशी झकास आहेत तुझ्या. अक्कल कुठे दिसत नाही, पण ती रक्तात नसतेच."

मग त्यांनी स्लाइड उजेडात धरली. काचेवर हिरव्या शाईचा गोल होता, आत नेली तेव्हा त्यांनीच काढलेला. संशयास्पद पेशी दिसल्या की ती जागा पुन्हा सापडावी म्हणून असा गोल काढायची त्यांची वर्षानुवर्षांची सवय. कपाटातल्या प्रत्येक रोगी स्लाइडवर तो होता, निरोगी स्लाइडवर नव्हता. फोटोंच्या कडेला हिरवट झाक यायची, आणि आमचं हुशार यंत्र पेशी सोडून तेवढीच बघायला शिकलं होतं. माझ्याच रक्ताची दुसरी, बिनगोलाची स्लाइड त्यांनी ठेवली. उत्तर: निरोगी.

मी सुटल्यासारखा हसलो. त्या हसल्या नाहीत.

"मेल्या, हसतोस काय? ज्याला खरंच ल्युकेमिया आहे आणि ज्याच्या काचेवर गोल काढायला मी नाही, त्याला हे काय सांगणार?"

मी पडद्यावरच्या 'निरोगी'कडे पाहिलं. पुढचं त्यांनीच म्हटलं.

"ठणठणीत आहात, घरी जा. हेच ना?"

यंत्राची रवानगी थांबली. पुढचे कित्येक महिने मी स्पिरिटच्या बोळ्याने गोल पुसत होतो आणि मॅडम पुसलेली काच उजेडात धरून "पुसलास कशावरून?" विचारत होत्या. पुन्हा फोटो, पुन्हा शिकवणी, परक्या लॅबच्या स्लाइडवर परीक्षा. शेवटी त्यांनी होकार दिला तोही असा: "चालेल. विश्वास बसलाय असं समजू नकोस."

त्या निवृत्त झाल्या. मग एकदा त्यांचा फोन आला. "दम लागतोय रे. हिरड्यांतून रक्त येतंय. स्लाइड पाठवलीये, तुझ्या यंत्राला दाखव."

यंत्राने सांगितलं, ल्युकेमिया. मी झडप घालून काच उजेडात धरली. बाईंनी पुन्हा आपला मामा केलाय, अशी माझी खात्रीच होती. काच तिरकी केली, उलटी केली, चष्मा पुसून पाहिली. आयुष्यात कुठल्याच गोष्टीची धरली नसेल इतकी आशा मी हिरव्या शाईची धरली होती. काच स्वच्छ होती. नव्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी फोन लावला.

"गोल होता?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"दोन्ही बाजूंनी बघितलंस?"

"दोन्ही बाजूंनी."

"मग बरोबर सांगतंय रे ते," त्या म्हणाल्या.

मी फोन कानाला लावून थांबलो. त्या आता "कशावरून?" म्हणतील, म्हणून थांबलो. त्या म्हणाल्या नाहीत.